साखरपाणी

वडगाव रासाई,
४ ऑगस्ट २०२५

ज्ञानेश्वरी,

पाकिटावर पाठवणाराचं नाव मुद्दाम घातलं नाही. घातलं असतं तर तू ते न फोडता पोस्टमनकडं परत दिलं असतंस. माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला पावणेतीन वर्षं होत आली, म्हणून कागदावर आले. दौंडचा पत्ता तुझ्या भामाबाई मावशीनं दिला. तिला बोलू नकोस, मी फार मागं लागले होते. तू कुरकुंभला कंपनीत पॅकिंगला जातेस एवढं तिच्याकडून कळलं. ओवी आता पाच वर्षांची झाली असेल. शाळेत जाते का?

कळवायचं कारण असं की गेल्या गुरुवारी आमच्या आत्याबाई, ह्यांच्या आई, जाता जाता राहिल्या. दोन वर्षं झाली, त्यांना साखरेसाठी इन्सुलिन चालू आहे. हल्ली विसरतात. सकाळी मी दिलं, आणि मी गोठ्यात गेल्यावर त्यांनी स्वतःच पुन्हा एकदा टोचून घेतलं. अकराच्या सुमाराला ओट्यावर बसल्या होत्या. पाठ घामानं भिजलेली, बोलणं जडावलेलं. मी साखर आणायला आत वळले, तेवढ्यात आडव्या झाल्या. हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या, ओ नाही. बोट टोचून मशीनवर बघितलं, चौतीस.

मी तोंडाला काही लावलं नाही. त्यांना कुशीवर वळवलं. ह्यांना म्हटलं, १०८ ला फोन लावा. फ्रीजच्या दारातून केशरी डबी आणली. तुला माहीतच आहे ती, साखर चढवणाऱ्या ग्लुकागॉनच्या इंजेक्शनची. शिरूरच्या डॉक्टरांकडून मी ती मागच्या वर्षी चिठ्ठीवर लिहून घेतली. दुकानदारानं पुण्याहून मागवून दिली. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिची मुदत बघते. सुईच्या नळीतलं पाणी औषधाची पूड असलेल्या बाटलीत सोडलं, हलकेच गोल फिरवलं. नितळ झालं तसं परत ओढून घेतलं, लुगडं सारून मांडीच्या बाहेरच्या अंगाला दिलं. पुन्हा कुशीवर ठेवलं आणि शेजारी बसले.

बाराव्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले. मग उलटी झाली. या औषधानं होते म्हणतात, कुशीवर होत्या म्हणून ती बाहेर पडली. चांगलं बोलायला, गिळायला लागल्यावरच गोड चहा दिला, मग बिस्किटं. गाडी आली. शिरूरला दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर आल्या म्हणून घरीच ठेवलं असतं तर दुपारी पुन्हा तसंच झालं असतं. दोन डोस अंगात होते."

डबी उघडल्यापासून सुई बाहेर काढेपर्यंत चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं मी.

त्या दिवशी माझ्या भावाच्या, आपल्या ईश्वरच्या पिशवीत डबी असती तर मी त्यालाही दिलं असतं. नशिबाचा भाग. तुला कळवावंसं वाटलं, एवढंच.

ओवीला आत्याचे आशीर्वाद.

तुझी आक्का


वडगाव रासाई,
१९ ऑगस्ट २०२५

ज्ञानेश्वरी,

तुझं उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही.

आत्याबाई घरी आल्या. बऱ्या आहेत, पण माझ्याशी फार बोलत नाहीत. त्या दिवशी शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं होतं, "काय दिलंस मला?" मी म्हटलं, "इंजेक्शन." त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग तोंड भिंतीकडं केलं. तेव्हापासून ताट वाढलं की खाली बघून जेवतात. या घरात दोघीच अशा आहोत की ज्यांना एकमेकींच्या मनातलं कळतंय. दिवसभर त्याच घरात वावरायचं.

मला आता झोपेचं काही वाटत नाही. दिवसाचं जास्त वाटतं. आमच्या घरात चहात चमचा फिरवत नाहीत, तुला माहीत नसेल, कारण हे तू गेल्यानंतरचं. साखर मी पातेल्यातच घालते. पाहुणा आला आणि त्यानं स्टीलच्या पेल्यात चमचा फिरवला की मी उठून मागल्या दारी जाते. ह्यांना वाटतं मला आवाजाचा त्रास होतो. पेल्यात चमचा वाजल्यावर पुढं कसला आवाज येणार, ते मला माहीत असतं. घशात घुरघुर होते, पाणी भरलेल्या नळीत हवा अडकल्यासारखी. ती मला भर दुपारी पडवीतल्या खाटेवरून ऐकू येते. खाट मी विकली. तरी तिथूनच येते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. इंजेक्शन द्यायला मी शिरूरच्या दवाखान्यात शिकले, सारिका सिस्टरकडं. ती म्हणाली होती, "ताई, भीती हाताला असते, हातानंच जाते. घरात मुदत संपलेली डबी असेल तर फेकू नका. तिच्यावर सराव करा. फक्त माणसाला ती द्यायची नाही." मी घरी आले, दार लावलं, आणि ट्रंकेतून एक डबी काढली.

ती ईश्वरची होती.

होय, पिशवीतच होती. आतल्या चेनच्या कप्प्यात, त्याच्या निळ्या रुमालात गुंडाळून तू ठेवली होतीस. तू विसरली नव्हतीस, ज्ञानेश्वरी. मला ती नंतर सापडली, सगळं झाल्यावर. तोपर्यंत माझे आबा तुला बोलून बसले होते, गावभर झालं होतं, आणि मग सांगायची वेळच निघून गेली.

हे तुला आधी कळायला हवं होतं.

आक्का


वडगाव रासाई,
२ सप्टेंबर २०२५

ज्ञानेश्वरी,

ती नंतर सापडली नव्हती.

मागचं पत्र पेटीत टाकून घरी चालत आले आणि दारात पोचेपर्यंत मला कळलं की मी पुन्हा खोटं लिहिलंय. अर्धं खरं सांगितलं की माणसाला मोकळं वाटतं. तसं मोकळं मला दोन दिवस वाटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. आता सगळं क्रमानं लिहिते.

तेरा नोव्हेंबर, रविवार. तू चुलतभावाच्या लग्नाच्या सुपारीला तळेगाव ढमढेऱ्याला गेली होतीस, ओवीला घेऊन. ईश्वर वरवंडहून मोटरसायकलनं सकाळीच माझ्याकडं आला. कांद्याच्या रानात ठिबकच्या नळ्या अंथरायच्या होत्या. हे पुण्याला गेले होते. त्यानं सकाळभर वाकून काम केलं. दुपारी घरी आला, हातपाय धुतले, जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं. जेवण पोटात गेलं नव्हतं. असं व्हायला तेवढं पुरतं, हे सारिका सिस्टरनं मला नंतर समजावलं. अंगमेहनत झालेली, औषध आत गेलेलं आणि पोट रिकामं.

मी पडवीत आले तेव्हा तो खाटेवर वेडंवाकडं बोलत होता. सदरा ओला. तेव्हा तो गिळू शकत होता, ज्ञानेश्वरी. तेव्हा साखर दिली असती तर चाललं असतं. पण मला वाटलं ऊन लागलं, मी ओलं फडकं आणायला गेले. परत येईस्तोवर तो बेशुद्ध होता. मग मी तुला फोन लावला.

तू काय म्हणालीस ते शब्द मला पाठ आहेत. "आक्का, घाबरू नका. पिशवीच्या आतल्या चेनमधी केशरी डबी हाय. ती काढा. तोंडात काय घालू नका, काहीच घालू नका. त्यांना कुशीवर करा. डबी घावली का?"

डबी माझ्या हातात होती. उघडलेली. आत सुई होती, एक छोटी बाटली, झाकणाच्या आत चित्रं. तू वर्षापूर्वी दिवाळीत मला हे दाखवलं होतंस, आणि मी करंजीचं सारण हलवत "व्हय, व्हय" म्हणत होते. एकही शब्द कानात गेला नव्हता.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुई टोचून मेला तर तुझ्यावर यील. डाक्टर हायीस का तू? साखरपानी पाज, पोटात गेलं की उठंल."

मी तुला म्हणाले, "न्हाई घावत." आणि फोन बंद केला.

तू परत परत लावत होतीस. फोन खाटेवर वाजत होता. मी पेल्यात साखर घातली, चमचा फिरवला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, दात उघडून ओतलं. पहिला घोट आत गेला असं वाटलं. मी आत्याबाईंना म्हटलंसुद्धा, "घेतोय." दुसऱ्या घोटाला तो आवाज आला. ओठ निळे पडले. मी तरी ओतत होते. मला वाटत होतं, अजून थोडं गेलं की उठेल.

जीपनं शिरूरला नेलं. तिथं शिरेतून ग्लुकोज दिलं, साखर वर आली. पण पाणी फुप्फुसात गेलं होतं. पुढचे तीन दिवस तुझ्यासमोरच झाले.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात ग्लुकागॉन नव्हतं?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "पिशवीत नव्हतं." त्या वेळी डबी माझ्या पोलक्यात होती.

आबा तुला काय बोलले ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. "नवऱ्याचं औषीद ठेवायचं भान न्हाई, आन् नटून सुपारीला गेलीस." दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मला गाठलंस आणि हळूच विचारलंस, "आक्का, मी ठेवली व्हती असं मला वाटतंय. रुमालात गुंडाळल्याचंबी आठवतंय. का ते मागच्या येळचं असंल?"

मी म्हणाले, "असंल मागच्या येळचं."

आबांच्या बोलण्यानं तू घर सोडलंस असं सगळ्यांना वाटतं. तू माझ्या या तीन शब्दांनी सोडलंस. स्वतःवरचाच विश्वास मी काढून घेतला तुझा.

सारिका सिस्टरनं सांगितलं तशी मी दोन वर्षांमागं ईश्वरच्या डबीवर सराव केला. तोवर तिची मुदत संपली होती. पाणी पुडीत सोडलं, फिरवलं. पाणी नितळ झालं. मग मी ते पेरूत टोचलं, जसं तिनं शिकवलं होतं. पेरू हातात धरून मी किती वेळ बसले ते माहीत नाही. अवघड काहीच नव्हतं.

तू आबांना हे सांगणार असशील तर सांग. पोलिसात जाणार असशील तर मी नाही म्हणणार नाही. पण तुझ्याआधी मीच सांगेन. अष्टमीला वरवंडला ईश्वरचा म्हाळ आहे, श्राद्धाला सगळे जमतील.

सुषमा


वडगाव रासाई,
१७ सप्टेंबर २०२५

ज्ञानेश्वरी,

सांगितलं.

रविवारी म्हाळाला पंधरावीस माणसं होती. चुलते, मामा, शेजारपाजारचे. कावळ्याला ठेवलं, पहिली पंगत बसली. आबा वरच्या अंगाला बसले होते. खीर वाढताना एक चुलती नेहमीसारखं म्हणाली, "बायकोनं डबी ठिवली असती तर आज पोरगं मांडीला मांडी लावून बसलं असतं." दरवर्षी कुणीतरी म्हणतंच.

मी पातेलं खाली ठेवलं. म्हणाले, "डबी ठेवली व्हती. माझ्या हातात व्हती. मी दिली न्हाई, आन् खोटं बोलले."

कुणाला कळलंच नाही. मग मी पहिल्यापासून सांगितलं. तुझा फोन, तू काय म्हणालीस, मी काय म्हणाले. आत्याबाईंचं नाव मी घेतलं नाही. हात माझे होते, जीभ माझी होती. म्हातारीला पुढं करून काय मिळणार.

आबांनी हात ताटातच ठेवला होता. नंतर ते उठले, तसेच खरकट्या हातानं अंगणात गेले. मी मागं गेले. ते झेंडूच्या वाफ्याकडं तोंड करून उभे होते.

म्हणाले, "सुषमे, तीन वरसं मी त्या पोरीला शिव्या दिल्या. नातीचं तोंड बघितलं न्हाई. तू दर म्हाळाला यून खीर वाढीत व्हतीस."

मी म्हटलं, "व्हय आबा."

"कशी काय वाढीत व्हतीस?"

मी खिरीचा हात पदराला पुसला. ते म्हणाले, "जा आता. मी बोलवीन तवा ये. न बोलवलं तर येऊ नको." आबांचा, म्हणजे पोपटराव जगतापांचा, शब्द कसा असतो तुला माहीत आहे. माझं माहेर सुटलं. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहिलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते तेव्हापासून रानातच जेवतात. आत्याबाई मात्र काल माझ्याजवळ येऊन बसल्या. पदराचा काठ चाळवत होत्या. म्हणाल्या, "माझं नाव का न्हाई घेतलंस?" मी म्हटलं, "तुमी सांगितलं, मी केलं." त्या रडल्या. मी त्यांची साखर बघितली, एकशे साठ होती, आणि चहा टाकला.

आता तुला मी पुन्हा लिहिणार नाही, तू म्हणेपर्यंत.

सुषमा


दौंड,
५ ऑक्टोबर २०२५

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिलं मी अर्धवट वाचून ठेवून दिलं होतं. तिसरं कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि कुरकुंभला न उतरता तशीच पुढं गेले. ड्रायव्हरनं हाक मारली तेव्हा भान आलं.

मागच्या रविवारी आबा आले होते. न सांगता. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, वर यायला तयार नव्हते. ओवीनं त्यांना पाणी नेऊन दिलं. तिनं विचारलं, "तुम्ही कोण?" त्यांनी पेला खाली ठेवला. मग मीच सांगितलं, "बाबांचे आबा आहेत." त्यांनी माझ्या पायाकडं हात नेला. मी तो धरला. मला ते नको होतं, म्हातारा माणूस. जाताना म्हणाले, "घरी चल." मी म्हणाले, "घर इथंच आहे आता. तुम्ही येत जा."

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. खोटं होईल, आणि खोटं आपल्यात पुष्कळ झालं. मी पोलिसातही जाणार नाही. तुम्ही मारलं असं मला वाटत नाही. घाबरून जे केलंत ते कुणीही केलं असतं. आमच्या लाइनवर पन्नास बायका आहेत, बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही हे त्यातल्या दोघींना माहीत होतं. मला राग दवाखान्यातल्या त्या जिन्याचा आहे. तीन वर्षं मी रोज ती पिशवी मनात भरली. कपडे, टॉवेल, गोळ्या, डबी. डबीपाशी आले की हात रिकामा दिसायचा. माझ्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे म्हणून मी ओवीचा डबासुद्धा चार वेळा उघडून बघायचे. मागच्या महिन्यापासून एकदाच बघते.

त्या दिवशी मी तुम्हाला एकोणीस वेळा फोन लावला होता. तुम्ही लिहिलंय, फोन खाटेवर वाजत होता. म्हणजे त्यांच्या जवळच वाजत होता.

मला एकच विचारायचंय. ते दवाखान्यात एकदाही शुद्धीवर आले नाहीत. भानावर असतानाचं शेवटचं बोलणं त्यांनी तुमच्याशीच केलं. काय बोलले? मला कुणालाच विचारता येत नव्हतं. बरं वाटावं म्हणून काही रचू नका. जे असेल तेच लिहा.

ज्ञानेश्वरी


वडगाव रासाई,
११ ऑक्टोबर २०२५

ज्ञानेश्वरी,

तुझं पत्र आल्याला तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी मी एक कागद लिहिला. त्यात त्यानं तुझं नाव घेतलं, ओवीची आठवण काढली, असं होतं. वाचायला फार चांगलं होतं ते. मग फाडला. त्यानं तुझं नाव घेतलं नव्हतं. ओवीचंही नाही. बेशुद्ध होण्याआधी जे बडबडला ते नळ्यांबद्दल होतं, त्याचा अर्थ लागत नव्हता.

त्याच्या आधीचं, भानावर असतानाचं बोलणं, ते मी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही. म्हाळाच्या दिवशीही सांगितलं नाही. सगळं सांगून झालं असं मी आबांना म्हणाले आणि हे आत ठेवून घेतलं.

तो हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आला. मी दुसरी भाकरी थापत होते. तव्याचा वास आला म्हणून त्यानं इंजेक्शन घेऊन टाकलं होतं. त्याला वाटलं, आता ताट येतंयच. म्हणाला, "आक्का, वाढतीस का? टोचून घेतलंय मी. लय भूक लागलीया."

मी म्हणाले, "दोन भाकऱ्या होऊ दे की. संगंच बसू."

पहिली भाकरी टोपल्यात पडली होती. गरम होती. वांग्याचं कालवण तयार होतं. त्याला तेवढं दिलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाटलं, भाऊ किती महिन्यांनी आलाय, एकट्यानं का जेवावं. दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि बाहेर दुधाची गाडी वाजली. दूध घालायला गेले. तिथं शेजारीण भेटली, तिच्या लेकीचं काही चाललं होतं, ते ऐकत उभी राहिले. पाऊण तास झाला असेल. दुसरी भाकरी करपली होती. त्यानं एकदाही हाक मारली नाही. पाहुण्याच्या घरी माणूस दुसऱ्यांदा मागत नाही, आणि बहिणीचं घर झालं तरी ते पाहुण्याचंच.

तुला शेवटचे शब्द हवे होते. मी "संगंच बसू" म्हणाले, तेव्हा तो हसला, खाटेकडं वळला आणि म्हणाला,

"चालंल."

सुषमा